सहा संकल्प आणि नववा दिवस

प्रश्न : मी चौतीस वर्षांची आहे. नोकरी करते, नवराही नोकरी करतो, सात वर्षांचा मुलगा आहे. गेली तीन वर्षं स्वतःमध्ये सुधारणा करायचा प्रयत्न चालू आहे. पुस्तकं वाचते, व्हिडिओ बघते, वह्याच्या वह्या टिपणं काढली आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने सुरुवात करते : पहाटे पाचला उठणं, वीस मिनिटं ध्यान, पाऊण तास व्यायाम, रोज तीस पानं वाचन, रोजनिशीचं एक पान आणि वीस मिनिटं नवी भाषा. आठ-नऊ दिवस छान जातात. मग एक दिवस उठायला होत नाही आणि तिथून सगळंच सुटतं. वाचन हे मला यातलं सगळ्यात आवडणारं, पण वाचलेलं महिन्याभराने आठवतही नाही. इतकं वाचूनही मुलाचा अभ्यास घेताना माझा आवाज चढतोच. रात्री झोपायला साडेबारा होतात. पुढच्या एक तारखेपासून पुन्हा सुरू करायचं ठरवलंय. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? ती वाढवायची कशी?

उत्तर : नमस्कार. प्रश्न तुम्ही इच्छाशक्तीचा विचारलाय, पण पत्रातल्या दोन वेळा आधी शेजारी शेजारी ठेवून पाहा. झोपायला साडेबारा, उठायला पाच. म्हणजे झोप साडेचार तास. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज चारच तास झोपू दिलं, काहींना सहा तास. दोन आठवड्यांनंतर चार तासवाल्यांची एकाग्रता सलग दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. आणि त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येतेय असं वाटत होतं. तुमचा नववा दिवस असा आहे. त्या सकाळी तुमचा निश्चय संपलेला नसतो, शरीर उठायला नकार देतं आणि ते बरोबरच करतं.

आता यादीची बेरीज करा. ध्यान २० मिनिटं, व्यायाम ४५, तीस पानं वाचायला साधारण ५०, रोजनिशी १५, भाषा २०. झाले अडीच तास. कपडे बदलणं, वही शोधणं, एका कामातून उठून दुसऱ्याला बसणं हे यात धरलेलंच नाही. नोकरी आणि लहान मूल असलेल्या घरात रोजचे अडीच तास मोकळे नसतात, म्हणून तुम्ही ते झोपेतून काढले. दर वेळी तिथूनच काढलेत, आणि दर वेळी योजना तिथेच मोडली.

तेव्हा पाचचा गजर आज रात्रीच काढून टाका. लवकर उठणं हा मुळात गुण नाही, ती फक्त वेळेची मांडणी आहे. पाचला उठायचं तर साडेनऊला झोप लागायला हवी, आणि मुलगाच जर साडेनऊला झोपत असेल तर हे गणित तुमच्या घरात आज बसणारं नाही. जमण्यासारखं आहे ते एवढंच : झोपायची वेळ दर चार दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणत अकरापर्यंत पोचायचं. दीड तास म्हणजे सहा टप्पे, चोवीस दिवस. उठायची वेळ रोज एकच ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी तासाभराहून जास्त लांबवायची नाही, नाहीतर दुसऱ्या रात्री झोप पुन्हा उशिरा येते. हे जमलं आणि यादीतलं दुसरं काहीच जमलं नाही, तरी महिन्याभरात तुमचा दिवस बदललेला असेल.

इच्छाशक्तीबद्दल. ती वापरली की संपते, हा समज १९९८ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगापासून पसरला. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर तोच परिणाम तपासला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे माझ्यातच काहीतरी कमी आहे, हे निदान सोडून द्या. ज्यांच्या सवयी टिकतात ती माणसं सहसा मनाशी झगडत बसलेली नसतात. झगडायचे प्रसंगच कमी येतील अशी त्यांच्या दिवसाची रचना असते. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर तो सवयींचा प्रश्न नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि हे पत्र बाजूला ठेवा.

आता यादीकडे. तुम्ही सहाही गोष्टींना सवयी म्हणता आहात, पण त्या एका जातीच्या नाहीत, आणि गोंधळ बराचसा इथेच आहे. सवय म्हणजे ठरावीक प्रसंग आला की विचार न करता सुरू होणारी कृती. दात घासणं ही सवय. रोजनिशी लिहिणं ही सवय होऊच शकत नाही, कारण लिहायला दर वेळी विचार करावा लागतो. सवय होऊ शकते ती वही उघडून तारीख टाकण्याची. तसंच पुस्तक हातात घेऊन पान उघडण्याची होते, वाचलेलं समजून घेण्याची होत नाही. बूट घालून दाराबाहेर पडण्याची होते, पाऊण तास घाम गाळण्याची होत नाही. सवय तुम्हाला सुरुवातीपर्यंत आणून सोडते, पुढचं काम कष्टाचंच राहतं. हे ध्यानात नसलं की महिनाभर केल्यावरही व्यायाम जड का जातोय, असं वाटून माणूस निराश होतो. तो जड जायचाच. सोपं व्हायला हवं ते फक्त उठून सुरू करणं.

भाषा शिकणं हे तर सरळ एक काम आहे, त्याला उद्देश आणि मुदत लागते. सहा महिन्यांत ती भाषा कुठे वापरायची आहे, याचं उत्तर नसेल तर ती यादीतून काढा. तीन वर्षं अपराधी वाटत राहण्यापेक्षा ते बरं.

उरलेल्यांतली एकच घ्या. वाचन घ्या, कारण ते आवडतं असं तुम्ही स्वतःहून लिहिलंय. पहिली सवय निवडताना कुठली जास्त उपयोगाची हे पाहू नये. जी करताना त्याच क्षणी थोडं बरं वाटतं ती घ्यावी. फायदा सहा महिन्यांनी देणारी गोष्ट पहिल्या महिन्यात तग धरत नाही.

वाचनाला आता खुंटी शोधायची, म्हणजे रोज न चुकता घडणारा असा प्रसंग, ज्याला नवी कृती टांगता येईल. बहुतेक लोक इथेच चुकतात. ‘रात्री नऊ वाजता वाचेन’ ही खुंटी नाही, कारण नऊ वाजलेत हे कळायला घड्याळाकडे लक्ष असावं लागतं. ‘झोपण्यापूर्वी’ हीसुद्धा नाही. झोपण्यापूर्वी नावाचा क्षण प्रत्यक्षात येतच नाही, दिवा मालवून आडवं झाल्यावर तो होऊन गेल्याचं लक्षात येतं. ‘ऑफिसमधून आल्यावर’ म्हणाल तर त्या वेळी मुलगा तुमच्याकडे धावत येतो आणि हात मोकळे नसतात. चांगल्या खुंटीला स्पष्ट शेवट असतो, ती सुट्टीच्या दिवशीही घडते, तिच्यानंतर दोन मिनिटं घाई नसते, आणि नवी कृती जिथे करायची त्या जागेजवळच ती घडते. तुमच्या घरात अशा दोन जागा दिसतात : मुलाच्या खोलीतला दिवा मालवणं, आणि रात्रीचं आवरून ओटा पुसून होणं. पहिली जास्त चांगली, पण तिच्यात एक धोका आहे. मुलाला झोपवता झोपवता तुमचाच डोळा लागतो. तसं होत असेल तर त्याच्याशेजारी आडवं न होता बसून राहा, किंवा दुसरी खुंटी घ्या. एकदा निवडल्यावर दोन आठवडे बदलायची नाही.

मग माप. रोज दोन पानं. हसू येईल इतकं कमी वाटेल, तरी दोनच. कारण माप तुमच्या सगळ्यात वाईट दिवसावरून ठरवायचं असतं : डोकं दुखतंय, उशीर झालाय, मुलाला ताप आहे, अशा रात्री जे जमेल ते माप. आणि तुमच्या स्वभावाला याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वरची मर्यादा. पहिले तीन आठवडे दहा पानांच्या वर जायचं नाही, कितीही रंगलं तरी. पत्रावरून दिसतं की सुरुवातीचा उत्साह तुमच्याकडे भरपूर आहे. उत्साहाच्या रात्री चाळीस पानं झाली की दुसऱ्या रात्री दोन पानं म्हणजे हार वाटते, आणि माप नकळत चाळीसवर जाऊन बसतं. मर्यादा पाळली तर पुस्तक मिटताना अजून वाचायचं होतं असं वाटत राहतं, आणि पुढच्या रात्री तेच तुम्हाला पुस्तकाकडे नेतं.

जागेची तयारी संध्याकाळी करून ठेवा. पुस्तक एकच, कपाटात नाही तर बसायच्या खुर्चीवर, खूण घातलेलं, दिवा हाताशी. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी फोन उशाशी लागतो, ही अडचण खरी आहे, म्हणून गजराचं साधं घड्याळ आणा. फोन त्याच खोलीत पालथा ठेवून काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही. हात पुरतो तिथे तो आहे एवढं पुरेसं असतं.

यानंतर कागदावर एक वाक्य लिहायचं, ‘जर-तर’च्या साच्यात : ‘मुलाच्या खोलीतला दिवा मालवला, की मी बाहेरच्या खुर्चीत बसून दोन पानं वाचेन.’ पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली या साच्याची नीट मांडणी केली, आणि २००६ साली ९४ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर त्याचा परिणाम मध्यम ते मोठा दिसला. ‘मी रोज वाचेन’ यात काय करायचं ते आहे, पण कधी आणि कुठे ते त्या क्षणी ठरवावं लागतं, आणि दमलेलं डोकं ते ठरवत नाही. अडचणींसाठीही अशी दोनच वाक्यं लिहा. उदाहरणार्थ, ‘घरी पाहुणे असतील, तर ओटा पुसल्यावर तिथेच उभ्याने एक पान वाचेन’, आणि ‘प्रवासात असेन, तर अंथरुणावर बसल्या बसल्या एक पान वाचेन.’ दहा अडचणींची दहा वाक्यं लिहिलीत तर ऐन वेळी एकही आठवणार नाही.

एक तारखेची वाट पाहू नका. नव्या महिन्याच्या, नव्या आठवड्याच्या सुरुवातीला माणसाला हुरूप येतो हे खरं आहे, पण तुम्हाला हुरूप कमी कधीच पडला नव्हता. एखाद्या साध्या बुधवारी सुरू केलेलं बरं, म्हणजे सुटल्यावर परत यायलाही साधा बुधवार पुरतो.

नोंद ठेवा, पण अ‍ॅपमध्ये नको. सलग किती दिवस झाले हे मोजणारी अ‍ॅप तुमच्यासारख्या माणसाला घातक ठरतात, कारण एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि केलेलं सगळं वाया गेल्यासारखं वाटतं. ते वाया जात नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या वेगावर म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. भिंतीवरच्या कागदी दिनदर्शिकेवर वाचल्याच्या दिवशी फुली मारा. न वाचल्याच्या दिवशी चौकट रिकामी ठेवू नका, एक अक्षर लिहा. ‘वि’ म्हणजे विसरले. ‘टा’ म्हणजे आठवलं पण टाळलं. ‘अ’ म्हणजे करायचं होतं, पण अडथळा आला.

दर चौदा दिवसांनी मोजा. चौदापैकी अकरा फुल्या म्हणजे उत्तम, काही बदलू नका. आठपेक्षा कमी असतील तर अक्षरं पाहा, ती सांगतील काय दुरुस्त करायचं. ‘वि’ जास्त असतील तर खुंटी कच्ची आहे, ती बदला. अशा वेळी स्वतःवर रागावून उपयोग नसतो, आणि फोनवर आठवणी लावूनही फारसा होत नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या वाजल्या तरी ऐकू येईनाशा होतात. ‘टा’ जास्त असतील तर माप मोठं आहे, पुस्तक कंटाळवाणं आहे किंवा फोन जवळ आहे, याच क्रमाने तपासा. पुस्तक कंटाळवाणं असेल तर अर्ध्यात सोडून दुसरं घ्या, तशी मुभा आहे. ‘अ’ जास्त असतील तर घरच्यांशी बोलायला हवं. तेव्हा ‘मला जरा साथ दे’ असं म्हणू नका, त्यातून नवऱ्याला काहीच कळत नाही. ‘दिवा मालवल्यापासून दहा मिनिटं मुलगा उठला तर तू जा’ असं सांगा. एवढं नेमकं सांगितलं की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करायची नाही. दोनची चार पानं केली तर जेव्हा पकड सगळ्यात सैल झालेली असते तेव्हाच ओझं दुप्पट होतं. दुसऱ्या दिवशी दोनच. सलग दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी एकच पान, पण त्याच खुर्चीत.

किती दिवस लागतील? २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकायला मिळतं. त्याचं मूळ १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या निरीक्षणात आहे : शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. ‘किमान’ हा शब्द वाटेत गळला, आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लॅली यांच्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा होता, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (अभ्यास १२ आठवड्यांचाच होता, त्यापुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज आहे). पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. तुमच्या वाचनासाठी दोन ते तीन महिने धरा. बसली हे ओळखायची खूण अशी : आठवड्यातल्या बहुतेक रात्री, वाचायचंय असं मनात येण्याआधीच तुम्ही खुर्चीत बसलेल्या असता. तोपर्यंत दुसरी सवय सुरू करायची नाही. या वेगाने वर्षाला चारच सवयी होतील. कमी वाटतात ना? गेल्या तीन वर्षांत एकही टिकली नाही, त्या तुलनेत पाहा.

दुसरी सवय व्यायामाची ठेवा, आणि पाऊण तास विसरा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे, त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत अशी अट होती, ती आता नाही. पाच मिनिटंही मोजली जातात. आठवड्यातले पाच दिवस दहा मिनिटं भराभर चालण्यापासून सुरू करा, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवा. आठ आठवड्यांनी ३० मिनिटांवर, म्हणजे आठवड्याच्या १५० वर याल. त्याहून घाईने वाढवलं की पोटऱ्या आणि गुडघे तक्रार करतात, आणि आठवडाभर थांबावं लागतं.

रोजनिशी रोज नको. आठवड्यातून एकदा, तीन ओळी पुरे. मन फार भरून आलं असेल तर मात्र वेगळी पद्धत आहे. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहिलं, आणि मग थांबवलं. ते लेखन आयुष्यभर रोज करायला सांगितलेलंच नव्हतं. ध्यान सध्या राहू द्या. पुढे घ्याल तेव्हा तीन मिनिटांपासून.

वाचलेलं आठवत नाही म्हणता, त्याचं कारण स्मरणशक्ती नाही, तुमची टिपणं आहेत. पुस्तक समोर ठेवून उतरवलेलं टिपण हाताच्या व्यायामापलीकडे फारसं जात नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट करून पाहिले. एकाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणून दोन पानं झाली की पुस्तक मिटा आणि त्यात काय होतं ते दोन वाक्यांत मनातल्या मनात सांगा. अडखळलात तरी चालेल, अडखळण्यातच काम होतं. दुसऱ्या रात्री वाचायला बसण्याआधी कालची दोन वाक्यं आठवा, आणि रविवारी आठवड्याची. एवढ्याला दोन-तीन मिनिटं लागतात, वह्या लागत नाहीत.

आठवणं वेगळं आणि वागण्यात येणं वेगळं. स्वतःला सुधारण्याच्या पुस्तकांत ‘संयम ठेवा’, ‘नीट ऐका’, ‘वर्तमानात जगा’ अशी वाक्यं असतात. ती खरी असली तरी करता येत नाहीत, कारण संयम ही कृती नाही. प्रत्येक सल्ल्याला एकच कसोटी लावा : शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी हे करताना दिसेन का? ‘नीट ऐकेन’ दिसत नाही. ‘मुलगा बोलायला आला की फोन पालथा ठेवून त्याच्याकडे वळेन’ दिसतं. एका पुस्तकातून अशी एकच दिसणारी कृती काढा आणि दोन आठवडे ती करून होईपर्यंत त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक उघडू नका. मधल्या काळात कथा वाचा, प्रवासवर्णन वाचा. सुधारणेची पुस्तकं ओळीने वाचत गेलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि त्या समाधानाने खरं करण्याची निकड कमी होते. तीन वर्षं भरलेल्या वह्यांचं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे.

आता मुलाच्या अभ्यासाच्या वेळी चढणारा आवाज. तुमच्या यादीत हा विषयच नव्हता, तो पत्रात शेवटी ओझरता आला. पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. पहिला आठवडा काहीही सुधारायचं नाही, फक्त नोंद करायची. आवाज चढला की नंतर चार गोष्टी लिहा : किती वाजले होते, शेवटचं काही खाऊन किती वेळ झाला होता, त्याआधी लगेच काय घडलं, आणि नेमकं कुठलं वाक्य तोंडून गेलं. आठवड्याने पाहाल तर बहुधा प्रसंग विखुरलेले नसतात, एक-दोन जागी गोळा झालेले असतात. कामावरून आल्यानंतरचा पहिला तास, दोघंही भुकेले, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला गेलेला, असं काहीतरी दिसेल. तसं दिसलं तर सगळ्यात आधी वेळ हलवा. दोघांनी काहीतरी खाल्ल्यावर वीस मिनिटं थांबून अभ्यासाला बसा. रागावर मनाने काम करण्याआधी भुकेवर आणि वेळेवर करावं, निम्मं काम तिथेच होतं. अभ्यासही सलग तासभर नको, पंधरा-वीस मिनिटांनी दोघांनीही उठायचं.

उरलेल्या निम्म्यासाठी जर-तर. इथे खुंटी लवकरची हवी. ‘राग आला की’ ही फार उशिरा येते, तोवर वाक्य निघून गेलेलं असतं. शरीरात त्याआधी काहीतरी होतं. कुणाचा जबडा आवळतो, कुणी पेन्सिल घट्ट धरतं, कुणी मुलाचं नाव पूर्ण उच्चारायला लागतं. तुमचं काय ते नोंदीतून सापडेल. मग वाक्य असं : ‘मी पेन्सिल घट्ट धरली, की ती खाली ठेवून उठेन आणि पाणी पिऊन येईन.’ उठताना मुलाला ‘मी पाणी पिऊन येते’ एवढं सांगा. न सांगता निघून गेलात तर मुलाला ती शिक्षा वाटते.

तरीही आवाज चढेल. महिन्यात दोन-चारदा तरी चढेलच. त्यासाठी परत येण्याची कृती आधीच ठरवून ठेवा : त्याच संध्याकाळी, त्याच्या उंचीला बसून, ‘मी मोठ्याने बोलले, ते चुकलं.’ यात ‘पण’ घालायचा नाही. ‘पण तू लक्ष देत नव्हतास’ जोडलं की मुलाला फक्त दुसरा भाग ऐकू जातो. त्याने लगेच माफ करावं किंवा मिठी मारावी अशी अपेक्षाही ठेवू नका. वाक्य म्हणून झालं की त्याला हवं असेल तर खेळायला जाऊ द्या. महिन्याने मोजायचं असेल तर आवाज किती वेळा चढला ते मोजू नका, तो आकडा परीक्षांच्या आठवड्यात वाढणारच. पेन्सिल खाली ठेवून किती वेळा उठलात आणि त्याच संध्याकाळी किती वेळा त्याच्याशी बोललात, हे दोन मोजा. पहिल्या महिन्यात उठणं क्वचितच वेळेवर होतं, बोलणं मात्र जमतं. तिथूनच सुरू करा.